सांगलीला समुद्र आला

कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी किती फुटांवर आहे, हे सांगलीकराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगतो. 2019 साली ते 57 फुटांवर गेलं, तेव्हा पाण्याच्या बाबतीत आता नवीन काही बघायचं उरलं नाही, अशी आमची समजूत झाली होती. परवा विश्रामबागेकडे गेलो, तर चौकात फ्लेक्स झळकत होता: 'भूमध्य समुद्राचे सांगली नगरीत आगमन झाल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा!' खाली सात भावी नगरसेवक, हात जोडून.

नवं हॉटेल शुद्ध शाकाहारी आहे. म्हणजे मासे नाहीत, कोकरू नाही, आणि 'फॅमिली' असल्यामुळे वाइनही नाही. भूमध्य समुद्रातून एवढं वजा केलं की मीठ तेवढं शिल्लक राहतं, तेही मागितल्याशिवाय टेबलावर येत नाही. भिंती पांढऱ्या, दारं निळी, थेट सँटोरिनी बेटाची नक्कल. कमानीवर प्लास्टिकची बोगनवेल चढवली आहे. खरी बोगनवेल कंपाउंडवर होती, ती पार्किंगसाठी तोडली.

सांगली कुठे आणि भूमध्य समुद्र कुठे, असं कुणी म्हणेल. त्यानं युनेस्कोचा कारभार बघावा. 2010 साली युनेस्कोनं भूमध्य आहाराला मानवजातीचा अमूर्त वारसा ठरवलं, तेव्हा मानकरी चार होते: स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को. 2013 साली आणखी तिघांची वर्णी लागली, त्यांत पोर्तुगाल. आता पोर्तुगालला भूमध्य समुद्राचा वीतभरही किनारा नाही, जो आहे तो सगळा अटलांटिकचा. पोर्तुगालचं जमलं तर आमचंच घोडं का अडावं? आमच्याकडे निदान घाट आहे. पालकमंत्र्यांनी मनावर घेतलं तर पुढच्या यादीत नाव लागायला हरकत नाही.

गर्दी तुडुंब होती. त्यातली अर्धी डॉक्टरांनी पाठवलेली. ॲन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1958 पासून सात देशांतल्या पुरुषांची तपासणी चालवली, त्यात क्रीट बेटावरच्या लोकांची हृदयं ठणठणीत निघाली. हे लोक ऑलिव्ह तेल भरपूर खात आणि दिवसभर शेतात, डोंगरउतारावर राबत. यातलं तेल सांगलीनं ताबडतोब मान्य केलं. डोंगराबद्दल विचार चालू आहे. तूर्तास, गाडी अगदी पायरीशी कुणी लावायची यावरून हृदयाच्या दोन पेशंटांची जोरदार बाचाबाची झाली.

कार्डावर जैन हमस, शेजवान फलाफल आणि पनीर शवर्मा होता. वेटर जतचा. "तिखट चालतंय न्हवं?" असं तो आपणहून विचारतो आणि मान हलवली की ठेचा आणून ठेवतो. ठेचा कार्डावर नाही, पण संपतो सगळ्यांत आधी. बाबा गनूशवरून वांग्याच्या भरताचा विनोद आसपासच्या सगळ्या टेबलांवर होऊन गेला होता, म्हणून आम्ही तो केला नाही. सासूबाईंनी फक्त बोटाचं टोक बुडवून पाहिलं, "गॅसवर भाजलंय," एवढा निकाल दिला आणि बशी आमच्याकडे सरकवली.

पेच पडला तो डोल्म्यापाशी. डोल्मा म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. कार्डावर 'खास ग्रीसहून आयात केलेल्या पानांत' अशी ओळ आणि पुढे साडेचारशेचा आकडा. आमचे मेव्हणे तासगावचे द्राक्षबागायतदार. त्यांनी गुंडाळी उलगडली, भात बाजूला सारला, पान बशीत पसरलं आणि मोबाइलची बॅटरी लावून शिरा तपासल्या.

"दाजी, पान थॉमसनचं दिसतंय."

अशक्य काहीच नव्हतं. थॉमसन सीडलेस म्हणजे तुर्कस्तान-ग्रीसकडे पिकणारी जुनी सुलताना. कॅलिफोर्नियात गेल्यावर तिला तिथल्या साहेबाचं नाव लागलं, त्या नावानं ती इकडे आली, आणि तासगावच्या मातीत तिच्यातूनच तास-ए-गणेश निवडलं गेलं. म्हणजे मेव्हण्यांच्या पुढ्यात त्यांच्याच बागेतली भावकी उकडून ठेवली होती.

"ऑक्टोबर छाटणीच्या आधी पानगळ करतो, तेव्हा बांधावर असला ढीग लागतोय," मेव्हणे म्हणाले. "शेरडंसुद्धा फिरकू देत नाही तिकडं."

"का?"

"औषधं किती मारलेली असतात! आज डावणी, उद्या भुरी. त्या पानानं जेवढं मोरचूद पचवलंय तेवढं माझ्या बापानं मीठ खाल्लं नसंल."

ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन टेबलाटेबलावर चार-चार थेंब सांडत फिरणारे मालक नेमके मागेच उभे होते. दुबईत नोकरी करून आलेला हुशार माणूस. ऐकताच खुर्ची ओढून बसले.

"दादा, बिनऔषधाची मिळतील का?"

"मिळतील की. खरड छाटणीनंतर शेंडा मारताना कोवळी पानं निघतात. वेगळ्या दोन ओळी राखू. युरोपला माल जातोय आपला, रेसिड्यूचा रिपोर्ट जोडून देतो." आणि मेव्हण्यांनी दर सांगितला, तो युरोत.

मालकांच्या हातून पाचवा थेंब सांडला. "लोकल मालाला एवढा?"

"मग लोकल म्हणून विका."

"काय बोलताय! तासगावचं पान म्हटलं तर चाळीस रुपयांच्या वर कोण देईल? वर आणि पातळ भाजी एक्स्ट्रा मागतील."

घासाघीस रंगली. सासूबाईंनी मधल्या मध्ये दोन पानं उलगडून भात खाऊन घेतला. शेवटी युरो गेले, रुपये आले, आणि पहिली खेप खरड छाटणीनंतर द्यायची असं ठरलं. डोल्म्याचं बिल मालकांनी घेतलं नाही.

"बरण्यांचं काय करायचं?" उठता उठता मेव्हण्यांनी विचारलं.

"त्या आहेत की! ग्रीसच्या रिकाम्या सगळ्या जपून ठेवल्यात," मालक म्हणाले. "धुताना लेबल तेवढं भिजू देत नाही."