तिरकी रेघ

"मोठा आहे," मी म्हटलं, आणि दुर्बिणीवरचा डोळा न काढताच म्हटलं. डोळा काढून म्हटलं असतं तर त्याला विचार केल्याचा वास आला असता. जाणकार विचार करत नाही, त्याला दिसतं. मागे उभ्या असलेल्या सातही नवख्यांनी आपापल्या वहीत 'मोठा वाळू-चिखल्या, आक्षी, एक' असं लिहिलं. पेनांची कुरकुर मी कान देऊन ऐकली. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, यातलं सुख ३४ वर्षं साहेबांचं बोलणं लिहून घेतलेल्या माणसालाच कळेल.

वाळू-चिखल्ये दोन, छोटा आणि मोठा. हिवाळ्यात दोघंही वरून ओल्या वाळूसारखे, खालून पांढरे, डोळ्याशी मळकट पट्टा. उन्हाळ्याच्या तोंडावर छातीवर तांबूस रंग चढतो, पण तो चढला की मंडळी निघालीच. छोटा लडाख-तिबेटच्या पठारावर नटून जातो आणि आमच्याकडे घरच्या कपड्यांत येतो. पुस्तकात छोट्याची लांबी १८ ते २१ सेंटीमीटर दिलेली असते, मोठ्याची २२ ते २५. मग अडचण कुठे आहे? अडचण ही की पक्षी दोनशे फुटांवर असतो आणि त्याच्या शेजारी कुणी पट्टी रोवलेली नसते. मोठ्याचे पाय हिरवट-पिवळसर, छोट्याचे काळपट करडे. पण ओहोटीत फिरून आलेल्या पक्ष्याच्या पायांचा रंग एकच, चिखलाचा. उरली चोच. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जेवढं अंतर, त्याहून मोठ्याची चोच लांब भरते. छोट्याची साधारण तेवढीच. हे मोजायला पक्ष्याने मान अजिबात न वळवता एका बाजूने उभं राहावं लागतं, आणि तसा तो पुस्तकातच राहतो. त्यात शास्त्रज्ञांनी अलीकडे छोट्याचेही दोन केले, सैबेरियाचा निराळा आणि तिबेटचा निराळा. मला आधीचेच दोन पुरून उरत होते.

यावर नोंदींच्या यादीत एक सोय आहे: 'छोटा/मोठा', मध्ये तिरकी रेघ. म्हणजे यांपैकी कुणीतरी. मी ती रेघ कधी वापरलेली नव्हती. पंगतीत काय वाढू विचारल्यावर "काहीही" म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला जे वाटतं, तेच तिच्याबद्दल.

माझ्या या पक्क्या नजरेची पूर्वपीठिका सांगायला हवी. मला दोन मावश्या, जुळ्या. थोरली आणि धाकटी. दोघींमध्ये अंतर अकरा मिनिटांचं, पण थोरलीने तो मोठेपणा जन्मभर मिरवला. दोघी दिल्या अलिबागेतच, मधे एक कुंपण, आणि कुंपणाला जायला-यायला पाडलेलं खिंडार. मे महिन्यात एसटीतून उतरून आम्ही पोचलो की दोघी ओटीवर उभ्या. एका रंगाची पातळं, एकसारखे अंबाडे, आणि प्रश्न ठरलेला: "ओळख पाहू, मी कोण?" मी छातीठोकपणे सांगायचो आणि छातीठोकपणे चुकायचो. एका सुट्टीत मी जेवणानंतर डुलकी काढणाऱ्या धाकटीच्या पदराला शाईचा ठिपका लावून ठेवला. संध्याकाळी ठिपकेवालीला "धाकटे मावशी" म्हणून हाक मारली, तर ओटीवर हशा. दोघींनी दुपारीच पातळं बदलली होती. पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा प्रयोग मी असा आठव्या वर्षी केला आणि तो असा फसला.

आईला मात्र दोघी पाठमोऱ्यासुद्धा ओळखू यायच्या. "तोंडं काय बघतोस? चाल बघ," ती म्हणायची. "धाकटी चार पावलं पळते, थांबते, काहीतरी आठवते, परत पळते. थोरली आपली एका लयीत." खूप वर्षांनी पक्ष्यांच्या पुस्तकात वाचलं की टिलवे शिलाईयंत्राच्या सुईसारखे सारखे टोचत चालतात आणि चिखल्ये पळतात, थांबतात, टिपतात, परत पळतात. तेव्हा मी एकदम म्हणालो, "अरे, ही तर धाकटी मावशी!" धाकटी जाऊन आता दोन वर्षं झाली.

तर, आक्षी. त्या रविवारी माघातली एकादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. हा हिशेब मी सगळ्यांसमोर मोठ्याने केला. मोबाईलवर हेच मिनिटासकट दिसतं, पण मोबाईल बघणाऱ्याला कुणी सर म्हणत नाही. पाणी चढलं की चिखलात पांगलेले पक्षी उरलेल्या वाळूच्या पट्टीवर गोळा होतात, आणि तीच त्यांना बघायची वेळ. हेही मी सांगितलं. गोळा झाला तो एकच चिखल्या. तोच तो, मोठा.

"काका," मागून आवाज आला. नववी-दहावीतली मुलगी, हातात वडिलांचा कॅमेरा. सहा जण सर म्हणत होते, ही काका. तिने फोटो मोठा करून पडद्यावर कागदाची कड धरली होती. "चोच डोळ्यापर्यंतच्या अंतराइतकीच भरतेय. पण मान थोडी वळलेली आहे."

"उजेड फसवा आहे," मी म्हटलं. जाणकाराचं हे शेवटचं शस्त्र. याच गावात मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक शिलालेख आहे. तो शके ९३४ चा असं वाचलं गेलं, पण त्यावरही साऱ्यांचं एकमत नाही. दगड जागचा हलत नाही तरी ही गत, असं काहीतरी मी बोलणार होतो, तेवढ्यात भाड्याची चारचाकी फटफटी किंचाळत आली आणि थेट त्या पट्टीवरून गेली. चिखल्या उडाला.

पन्नास-साठ ग्रॅमचा जीव हिमालय ओलांडून येतो. भरतीला टेकायला त्याला हातभर वाळू उरते, आणि नेमकी तीच यांना धुडगूस घालायला हवी असते. प्रत्येक उडण्यात त्याची थोडी चरबी जळते, आणि तीच साठवून त्याला परत तो पर्वत चढायचा असतो. यावर मला विनोद सुचत नाही. मी ओरडलो. फटफटीवाल्याने हात हलवून टाटा केला.

दुपारी मावशीकडे गेलो. खिंडार अजून आहे, पलीकडचं घर बंद. त्या मुलीने पाठवलेला फोटो मावशीला मोबाईलवर दाखवला.

"कोण हा?"

"मोठा वाळू-चिखल्या." सात वह्यांत गेलेली गोष्ट अशी मागे घेता येत नाही.

मावशीने चष्मा वर करून पाहिलं. "मोठा कशावरून रे? एकटाच तर आहे."

मी चोचीचं गणित सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. "शेजारी दुसरा असल्याशिवाय कसला मोठा," म्हणाली, "बस, खिचडी आणते." उठली. चार पावलं भरभर गेली, उंबऱ्याशी थांबली, काहीतरी आठवल्यासारखं केलं, परत भरभर आत गेली.

मी बघतच राहिलो. ही धाकटीची चाल. थोरलीने ही कधी उचलली? का पहिल्यापासून दोघी अशाच चालायच्या आणि मी आईचं ऐकून साठ वर्षं मिरवत होतो? आईला विचारायचीही आता सोय नाही.

साबुदाण्याची खिचडी आली. "गप्प का? तिखट झालीय?"

"नाही ग."

वही काढली. 'मोठा'च्या आधी 'छोटा' लिहिलं आणि मधे रेघ ओढली. जरा जास्तच तिरकी आली. मग सातही जणांना निरोप पाठवला: सकाळच्या नोंदीत तिरकी रेघ घालावी.

पहिलं उत्तर त्या मुलीचं आलं. "ओके सर."