ही ती नव्हेच!

रील म्हटलं की हल्ली आपला अंगठा आपोआप मोबाइलच्या काचेवर सरकतो, म्हणून आधीच सांगून टाकतो, ही रील ती नव्हे. ही आयर्लंडमधली नाचाची धून. आठ-आठ बारचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, की बत्तीस बारमध्ये गाडी पुन्हा पहिल्या ठेसनावर. पबच्या कोपऱ्यात आठ-दहा माणसं फिडल, बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना घेऊन गोल करून बसतात, एक धून दोन-तीनदा वाजवतात आणि श्वासही न घेता दुसरीत उडी मारतात. याला सेशन म्हणतात. आणि अशा सेशनला, खुर्चीचे दोन पाय गोलाच्या आत नि दोन बाहेर, अशा बेताने बसलेला एक गृहस्थ हमखास असतो.

त्याच्या कोटाच्या खिशात व्हिसल असते, पण ती सहसा खिशातच राहते. बाहेर निघते ती वही. सोलापूर-कोल्हापूरकडे बैलावर बसून येणारा हेळवी दारात उभा राहून तुमच्या सात पिढ्या म्हणून दाखवतो ना, तसा हा धुनींचा हेळवी. हेळव्याला सुपभर धान्य घातलं की तो पुढच्या दाराला जातो. याला धान्य नको, बिअरही नको, फक्त ऐकणारा हवा. आणि तो एकदा मिळाला की हा पुढच्या दाराला जात नाही.

मी त्याच्या तावडीत सापडलो ते ‘मिस मॅक्लाउड्स रील’मुळे. ही तिथली अगदी बालवाडीतली धून. व्हिसल हातात घेतलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत जे शिकवतात त्यातली. मला ती कशीबशी जमली आणि त्या आनंदात मी मोठ्याने म्हणालो, “काय सुंदर जुनी आयरिश धून आहे!”

खुर्चीचे बाहेरचे दोन पाय आत आले.

“आयरिश?” तो म्हणाला. “नील गाउ आणि पुत्रांचा एडिंबराला निघालेला पाचवा संग्रह, १८०९. त्यात ही छापलीय. नाव काय दिलंय? ‘मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे’. रासे म्हणजे स्कायजवळचं बेट. स्कॉटलंड.”

म्हणजे बाई स्कॉटिश, वर विवाहित. समुद्र ओलांडून आयर्लंडला येईपर्यंत कुमारिका झाल्या. मला वाटलं, संपलं. पण बाई पुढे अमेरिकेच्या जहाजात बसल्या होत्या. तिथे त्यांचं नाव झालं ‘हॉप हाय लेडीज’, १९२७ मध्ये अंकल डेव्ह मेकन नावाच्या बँजोवाल्याने त्यांना तबकडीवर घातलं, आणि आणखी काही गावांत त्या ‘अंकल जो’ या नावाने नांदू लागल्या. बाईंचा काका झाला! हे सगळं ऐकून होईपर्यंत सेशनमधल्या अकरा धुनी वाजून गेल्या होत्या. त्याने एकही ऐकली नाही. मला ऐकू दिली नाही.

त्याचं दैवत म्हणजे फ्रान्सिस ओनील. कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेला हा माणूस १९०१ ते १९०५ शिकागोचा पोलीसप्रमुख होता, आणि पोलिसात असतानाच त्याने स्थलांतरित आयरिश वादकांकडून धुनी गोळा केल्या. १९०३ च्या ग्रंथात १,८५० धुनी, १९०७ च्या ग्रंथात १,००१. वादक मंडळी ओनीलच्या ग्रंथाला नुसतं ‘द बुक’ म्हणतात, आपल्याकडे ‘पोथी’ म्हणावं तसं. गंमत म्हणजे ओनीलला स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो वाजवून-गुणगुणून दाखवायचा आणि त्याच आडनावाचा जेम्स नावाचा फिडलवाला पोलीस ते कागदावर उतरवायचा. आपले भातखंडे वकिली शिकून बंदिशी गोळा करायला निघाले. तिथे हे काम पोलिसांनी केलं. आमच्या हेळव्याला यात नवल वाटत नाही. त्याच्या मते धूनशोध हे पोलिसांचंच काम आहे. तोही प्रत्येक वादकाकडे संशयित म्हणूनच बघतो. ही तुला कुठे मिळाली? कुणाकडून? तेव्हा आणखी कोण हजर होतं? दुसऱ्या भागातला तो चढा सूर तुझा, की तुझ्या गुरूचा?

पुस्तकांवर त्याचं भागत नाही. कागद खोटं बोलतो, तबकडी बोलत नाही, असं त्याचं मत. मग मायकेल कोलमन निघतो. स्लायगोतल्या किलाविलचा हा फिडलवादक १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९२१ ते १९३६ या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याने ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या सुमारे ऐंशी बाजू भरल्या. त्या तबकड्या जहाजाने उलट मायदेशी आल्या आणि खेड्यापाड्यांतले लोक आपल्या गावचं वळण सोडून कोलमनसारखं वाजवू लागले. त्याने १९३४ मध्ये ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’, ‘सेलर्स बॉनेट’ या तीन रील एकापाठोपाठ वाजवल्या, तर आजही लोक त्या त्याच क्रमाने वाजवतात. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपायची. तीन मिनिटांची ती सोय आज श्रुतिवचन झाली आहे. एका संध्याकाळी एका पोराने ‘टारबोल्टन’नंतर भलतीच धून धरली. हेळव्याच्या चेहऱ्यावर मंगलाष्टकांच्या मध्येच बँड वाजल्यासारखे भाव उमटले.

तबकडी तरी खरं बोलते का? यंत्र जरा जोरात फिरलं की सूर चढतो, मंद फिरलं की उतरतो. शिवाय लेबलावरच्या नावाचा आतल्या धुनीशी संबंध असेलच असं नाही. त्यामुळे आमचा गृहस्थ हेडफोन लावून एकेका खरखरीशी तासन् तास झुंजतो आणि पहाटे जाहीर करतो, “ही ती नव्हेच!” लखोबा लोखंडेच्या खटल्यातही इतकी उलटतपासणी झाली नसेल.

एकदा आम्ही एका म्हाताऱ्या बासरीवाल्याच्या दफनाला गेलो होतो. त्याच्या शिष्याने कबरीपाशी एक संथ केलेली रील वाजवली. पावसाची भुरभुर, सगळ्यांचे डोळे ओले. हेळवी माझ्या कानाशी वाकला. मला वाटलं, धीर देतोय. तो कुजबुजला, “पहिला भाग त्याचा. दुसरा उसना आहे.”

त्याचं खरं दुखणं म्हणजे ‘गन आनिम’. आयरिशमध्ये याचा अर्थ ‘निनावी’. पुस्तकांत, तबकड्यांवर ज्या धुनीचं नाव सापडत नाही तिच्यापुढे हे शब्द छापतात. (पहिली दोन वर्षं माझी समजूत होती की गन आनिम ही भलतीच लोकप्रिय धून असावी.) हेळव्याला हे शब्द दिसले की अंगावर झुरळ पडल्यासारखं होतं. ब्रेंदान ब्रॅनाख या सरकारी नोकराने धुनींच्या सुरुवातीचे सूर आकड्यांत मांडून हजारो कार्डं तयार केली होती. ती आठवून हा उसासे टाकतो. आणि पूर्व गॉलवेच्या पॅडी फाहीला तर त्याने अजून माफ केलेलं नाही. शंभरी ओलांडून २०१९ मध्ये गेलेल्या या फिडलवाल्याने एकाहून एक सुरेख धुनी रचल्या आणि एकीचंही बारसं केलं नाही. सगळ्यांचं नाव ‘पॅडी फाहीज’. घरातल्या सगळ्या पोरांना आडनावाने हाक मारावी तसं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सेशनमधल्या फिडलवाल्या आजींनी एक रील वाजवली. तो पुढे सरकला. “कोणती ही?”

“नाव नाही रे ठाऊक. माझे वडील वाजवायचे.”

त्याने डोळे मिटले आणि सुरू झाला. ओनीलमध्ये अमुक नावाने, स्कॉटलंडमध्ये तमुक, बॉस्टनला १८८३ मध्ये छापलेल्या रायनच्या संग्रहात तिसऱ्याच नावाने; आणि तिची एक सख्खी बहीण आहे, पहिला भाग तोच, दुसरा निराळा, आणि ती तर हिच्याहून सरस. आजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “बरं. मग ती बहीण वाजव की.”

त्याने व्हिसल काढली. ओठांना लावली. बहिणीचं नाव, साल, पान, तबकडीची बाजू, सगळं जिभेवर होतं. पहिला सूर मात्र येईना. गोल थांबला. कुणीतरी खाकरलं. शेवटी कॉन्सर्टिनावाल्या दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, “ही का?” आणि वाजवायला लागली. बाकीचे मागोमाग सुटले. त्या मुलीला तिचं नाव माहीत नव्हतं.

हेळवी दोन फेऱ्या गप्प ऐकत राहिला. पायाने ठेकाही धरला. तिसऱ्या फेरीला मात्र त्याने वही उघडली, माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, “दुसरा भाग ऐकलास? ही ती नव्हेच.”

दर जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लेअरमधल्या मिल्टाउन मॅल्बेला विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं, १९७३ पासून. गावातल्या प्रत्येक पबमध्ये रात्रभर वाजवणं चालतं. तुम्ही गेलात तर खुशाल बसा, ऐका, ठेका धरा. फक्त शेजारच्याला धुनीचं नाव विचारू नका. विचारायचंच असेल, तर आधी जेवून घ्या.