ग्लिसरीनचं दव

कोरेगाव पार्कातल्या एखाद्या पॉश फ्लोरिस्टची मासिकातली पानभर जाहिरात नीट बघा. गुलाबाच्या पाकळीवर पहाटेचं दव! हे दव बहुधा भर दुपारी, स्टुडिओचं दार लावून पडलेलं असतं. त्यात ग्लिसरीन असतं, कारण नुसतं पाणी ओघळतं, नाहीतर लाइटखाली सुकून जातं. असिस्टंट ते स्प्रेच्या बाटलीने उडवतो. ठसठशीत थेंब हवा तिथे सिरिंजने नेमका ठेवतो. जर्बेरा मान टाकतो म्हणून देठात तार. कडेची काळवंडलेली पाकळी चिमट्याने हळूच उपटायची. उजेड परतवायला शेजारी थर्मोकोल. एवढा शृंगार बोहल्यावर चढणाऱ्या नवरीचाही होत नाही. आणि मागून दुकानाच्या मालकीणबाई सांगत असतात, ‘जरा नॅचरल वाटू दे हं!’

गुलाब असतात मावळातले, तळेगावकडच्या पॉलिहाऊसमधले. तिथलेच गुलाब गुलटेकडीच्या मार्केट यार्डात २० नगांच्या गड्डीने मिळतात. व्हॅलेंटाइनच्या आधी परदेशीही जातात. जाहिरातीत मात्र गावाचा पत्ता नाही. भाव तर नाहीच; भाव सांगणं झेंडूवाल्याला शोभतं. फोटोतून वास येत नाही ही तक्रार करू नये. या गुलाबांना हातात घेतलं तरी तो फारसा येत नाही.

शूटिंग आटोपलं की बाई फर्मावतात, ‘फुलं फ्रीजमध्ये ठेवा रे, संध्याकाळी रिसेप्शनला द्यायचीत.’