डब्यातलं तेल

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला १९९० पासून रेस ट्रॅक आहे. तिथे शर्यतीत ऑइल कॅच कॅनला, म्हणजे तेल धरणाऱ्या डब्याला, अर्थ असतो: इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे श्वासनळीतून, उडालेलं तेल वळणावर सांडलं, तर मागचा गडी थेट मातीत. मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, एफआयएच्या, नियमांत दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला किमान दोन लिटरचा डबा, तोही आतलं दिसेल असा.

हौशी मंडळींना तो सिग्नल ते सिग्नल जायला हवा. लाल, चकचकीत, आत जाळी नाही, आडपडदा नाही. इंजिनाची तेलकट वाफ एका नळीने पाहुणी येते, दुसरीने तशीच निघते.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर या वाफेची काजळी धरते. तिथे जाळीवाला डबा कामाचा, पण ब्रीदर आणि इनटेकच्या मधे, बंद जोडणीने. आणि हो, तो अधूनमधून रिकामाही करावा लागतो.