राजीनामा एकट्याचा, निरोप साऱ्या घराला

वलगावातल्या खासगी अनुदानित शाळेचा कायम मास्तर कंटाळला, तर 1981 ची सेवाशर्ती नियमावली त्याला तीन महिन्यांची नोटीस द्यायला सांगते. घाई असेल तर नोटिशीऐवजी पगार भरावा. शाळा सुटते, पण पेढी नदीचा काठ सोडून जा असं कोणी म्हणत नाही. (कायम झाल्यावर राजीनामा देणारा मास्तर वऱ्हाडात शोधून दाखवा, ही गोष्ट वेगळी.)

कायम होण्याआधी मात्र तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला 2023 पासून महिना 18,000 रुपये मानधन. मग दुबईचा करार आला, की न वाचताच सही होते.

तिथे राहण्याचा परवाना नोकरीच्याच खुंटीला टांगलेला. तिथल्या 2021 च्या कामगार कायद्याप्रमाणे परिवीक्षाकाळात देश सोडायचा, तर किमान 14 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. न सांगता विमान धरलं, की वर्षभर कामाचा नवा परवाना नाही. अमेरिकेत एच-1बी व्हिसावाल्याला नोकरी सुटल्यावर फार तर 60 दिवस. तेवढ्यात नवी संस्था गाठा, नाहीतर बायको-लेकरांसकट बॅगा भरा.

तेव्हा बाप्पा, सहीआधी पगाराच्या आकड्याखालचं नोटिशीचं कलमही वाचा.