यादी कुठून आणलीत?

अंधेरी सबवेत दर पावसाळ्यात पाणी भरतं. त्याच सबवेला खेटून, जुन्या नागरदास रोडवरच्या एका इमारतीतून वर्षानुवर्षं लाखो वेबसाइटचे पत्ते विकले गेले, हे मात्र पाण्यातून बाइक ढकलणाऱ्याला ठाऊक नसतं. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ मध्ये सुरू केलेली डिरेक्टी ही कंपनी तिथली. बिगरॉक, रिसेलरक्लब असला तिचा होस्टिंगचा धंदा २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एन्ड्युरन्सने घेतला. तिकडे चांदिवलीत डेटा सेंटरं उभी आहेत. म्हणजे होस्टिंग आम्हा उपनगरवाल्यांना परकं नाही. तरीही घाटकोपरच्या साडीवाल्यापासून बोरिवलीच्या क्लासवाल्यापर्यंत जो तो तेच विचारतो : ‘एक लाखाचा मेल ब्लास्ट मारायचाय, कुठलं होस्टिंग घेऊ?’ आणि आपण काही बोलायच्या आत स्वतःच सांगून टाकतो, ‘सगळा ऑप्ट-इन डेटा आहे हां!’

न विचारता दिलेला खुलासा. इथेच पाल चुकचुकते.

उपनगरांत ऑप्ट-इन, म्हणजे लोकांनी स्वतःहून दिलेली संमती, कशी मिळते ते पाहायचं तर शनिवारी संध्याकाळी कुठल्याही मॉलमध्ये जावं. मधोमध एक चकचकीत गाडी, शेजारी पारदर्शक डबा, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा कुपनांचं पुस्तक घेऊन उभा. नाव, मोबाइल, ई-मेल, वार्षिक उत्पन्न. सहीच्या खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत तीन ओळी, ज्या वाचायला गाडीपेक्षा भिंग बक्षीस द्यावं. ही गाडी आजवर मुलुंडमध्ये कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही, पण कुपन मात्र सगळे भरतात. गाडीच्या आशेने माणूस मोबाइल नंबर खरा देतो. ई-मेलच्या रकान्यात मेव्हण्याचा पत्ता ठोकतो. तोही घाईघाईत, डब्यावर टेकून. मग कुणीतरी रोजंदारीवर ते एक्सेलमध्ये चढवतो. ‘जीमेल डॉट कॉम’चं ‘जीमेल डॉट कॉन’ होतं, ‘याहू’चा एक ओ गळतो. गोरेगावच्या नेस्को मैदानात प्रदर्शन भरलं की काचेच्या वाडग्यात गोळा झालेली व्हिजिटिंग कार्डं याच एक्सेलला येऊन मिळतात. दोन वर्षांनी ती यादी भांडुपच्या टू-बीएचकेची जाहिरात करणाऱ्याकडे निघते, आणि तोवर तिचं नाव झालेलं असतं ‘जेन्युइन डेटा’.

असा डेटा बगलेत मारून गडी होस्टिंग घ्यायला निघतो. पहिल्याच पानावर ‘अनलिमिटेड ई-मेल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं आणि त्याचा जीव भांड्यात पडतो. त्या ‘अनलिमिटेड’चा अर्थ मेलच्या पेट्या हव्या तेवढ्या उघडा, एवढाच असतो. पाठवायची मर्यादा नियम-अटींच्या पोटात असते आणि ती तासावर मोजतात. समजा तासाला दोनशे. एक लाख भागिले दोनशे, पाचशे तास. लक्ष्मीपूजनाला सुरुवात केलीत तर दिवाळीच्या सवलतीचा शेवटचा मेल त्रिपुरी पौर्णिमाही उलटून गेल्यावर पोचणार.

शिवाय स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर तुमचा आयपी पत्ता एकट्याचा नसतो, शेकडो वेबसाइट त्यावर राहतात. पूर्वी काही बँका क्रेडिट कार्डाचा अर्ज इमारतीचं नाव वाचूनच परत पाठवायच्या, कारण वरच्या मजल्यावर कुणीतरी हप्ते बुडवलेले असायचे. निगेटिव्ह एरिया म्हणायचे त्याला. इथे ते काम स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या याद्या करतात. शेजाऱ्याने रात्री पुरुषार्थाच्या गोळ्यांचे मेल सोडले की सकाळी तुमचं वार्षिक सभेचं निमंत्रणही अडतं, आणि सभासद म्हणतात, नोटीसच मिळाली नाही. (काही सभासद ते तसंही म्हणतात, तो भाग वेगळा.)

मग कुणीतरी जाणता भेटतो, ‘स्वतःचा सर्व्हर घे’ म्हणतो. घेतला. मेल बाहेर जायचं दार म्हणजे पंचवीस नंबरचं पोर्ट. गूगल क्लाउड ते सहसा बंदच ठेवतं. अ‍ॅमेझॉनही सुरुवातीला बंदच देते, उघडायला अर्ज करावा लागतो. डिजिटल ओशनही नव्या गिऱ्हाइकाला ते देत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या गिऱ्हाइकाला पैसे घेऊन दाराशी अडवतात, याचं साडीवाल्याला फार नवल वाटतं. पण दार सताड उघडं ठेवल्यावर काय होतं, ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने पाहून झालंय.

उरतात मेल पाठवण्याचाच धंदा करणारे. अ‍ॅमेझॉनची एसईएस घ्या. हजार मेलला दहा सेंट, आणि सर्व्हर मुंबईचाच निवडता येतो. ऐकून तोंडाला पाणी सुटतं. पण नव्या खात्याला आधी कुंपणात ठेवतात : चोवीस तासांत दोनशे मेल, तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांवरच. बाहेर पडायचं तर लिहून द्यावं लागतं की मेल कसले पाठवणार, यादी कशी जमवलीत, परत आलेल्या मेलचं काय करता. बाहेर पडल्यावरही डोळा असतोच. शंभरातले पाच परत आले की खातं चौकशीखाली, दहा आले की पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. तक्रारींचं माप तर हजाराचं : हजारी एक झाली की चौकशी, पाच झाल्या की थांबा. आपल्या ‘जीमेल डॉट कॉन’वाल्या एक्सेलचं काम जेवणाच्या सुट्टीआधीच तमाम होणार.

त्यातून वाचलात तरी पुढे जीमेल बसलंय. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल धाडणाऱ्याला त्याने मेल खरंच तुमच्याच नावाने आलाय हे पटवणारी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशी तिन्ही कागदपत्रं सक्तीची केली. जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय हवी, आणि स्पॅमची तक्रार शेकडा ०.३ च्या खाली राहिली पाहिजे. हजारी तीन! कुठल्याही टॉवरमध्ये हजार माणसांत चिडके तीनच निघतील, असं मानणारा माणूस सोसायटीच्या मीटिंगला कधी बसलेला नसणार. त्यात आपल्याकडे कुणी ‘नको’ म्हणत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडलं की पूर्वी चारचौघांत बोभाटा व्हायचा, म्हणून लोक म्यूट करून राहायला शिकले. तोच माणूस मेलमध्ये तळाशी जाऊन नाव काढण्याची लिंक शोधत बसत नाही. स्पॅमचं बटण दाबतो आणि जिन्यात भेटल्यावर हसून ‘काय म्हणता?’ विचारतो.

कायद्याचं म्हणाल तर नको असलेल्या एसएमएससाठी ट्राय हे दूरसंचार नियामक आहे, तक्रारीचा १९०९ हा नंबर आहे. ई-मेलच्या वाट्याला तसलं काही आलं नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने आणि ठरावीक कामापुरती घेतलेली हवी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, संमतीच्या कलमांना अठरा महिन्यांची सवड मिळाली. सवड म्हटल्यावर लकी ड्रॉवाले आणखी दोन डबे मागवतील.

तेव्हा कुठलं होस्टिंग, या प्रश्नाला माझं उत्तर आडमुठं आहे. जो तुम्हाला ‘यादी कुठून आणलीत?’ असं विचारतो, तो घ्यावा. ‘काय पाठवायचं ते पाठवा साहेब, आपल्याकडे कटकट नाही’ म्हणणाऱ्याच्या दुकानात तुमच्याआधी कोण कोण येऊन बसलंय याचा विचार करावा आणि उठावं. आमच्या उपनगरांतली वाचनालयं, नाट्यसंस्था, ट्रेकवाली मंडळं यांची यादी खरीखुरी, सभासदांनी हाताने दिलेली. तीन हजार पत्ते, महिन्याला चार पत्रं, बारा हजार मेल. एसईएसच्या भावाने एक डॉलर वीस सेंट, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. त्यात घासाघीस करण्यासारखं काही नाही.

आणि लाखवाल्याने एकच करावं. सगळ्यांना एक साधं पत्र धाडावं : आमचे मेल हवे असतील तर इथे दाबा, नाहीतर पुन्हा त्रास देणार नाही. हे पत्रही जपूनच, थोडं थोडं करत. दाबणारे हजार-दीड हजार निघाले, तर पैसे भरून घेतलेलं गूगल वर्कस्पेसचं एक खातं दिवसाला दोन हजार मेल सोडतं. चारशेच निघाले, तर फुकटच्या जीमेललाही दिवसाला पाचशेची मुभा आहे. होस्टिंग घ्यायलाच नको.