खूप छान

चहा घ्या तुम्ही, मी बोलतो. बिनसाखरेचा आहे, पण प्रकरणच तसं आहे.

आमच्या कारंजात चित्रकारांचा एक गट आहे. दोन-तीन निवृत्त कलाशिक्षक, दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर, एक संत्र्याचे बागायतदार, रांगोळीवाल्या काही ताई आणि इंटरमिजिएट परीक्षेचे वाढीव गुण दहावीत वसूल झाल्यावरही चित्रं काढत राहिलेली थोडी पोरं. उद्दिष्टं दोन. एकमेकांची कामं पाहणे आणि गावासाठी कलेचे कार्यक्रम घेणे. माझी तक्रार पहिल्याबद्दल आहे. दुसऱ्याबद्दलही आहे, पण विषयपत्रिकेप्रमाणे जाऊ.

गटावर चित्र टाकलं की लगेच प्रतिसाद येतो, 'खूप छान'. मागोमाग जोडलेले हात, मग गुलाब. चित्र मोबाइलवर उघडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत अभिप्राय हजर. एका सरांनी बोर धरणाचं जलरंगातलं चित्र आडवं टाकलं. म्हणजे पाणी भिंतीसारखं उभं आणि झाडं डावीकडून उजवीकडे उगवलेली. खूप छान. एका ताईंनी चुकून विजेच्या बिलाचा फोटो टाकला. त्यालाही दोन गुलाब आले. मी संत्र्याच्या पेट्यांचं चित्र टाकलं होतं. हिरव्या सालीवर पिवळी झाक चढवताना डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि पेट्यांच्या सावल्या जमल्या की नाही एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आले ते गुलाब. त्यानंतर कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि माझ्या पेट्या केकच्या चित्रांखाली गाडल्या गेल्या. सावल्यांचा विषय अद्याप प्रलंबित आहे.

तुम्ही म्हणाल, लोक चांगलं म्हणतात तर पोटात का दुखतं? तर ऐका. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. त्या सहा जणांतले हरी अंबादास गाडे इथलेच, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. विज्ञान शिकलेला माणूस, चित्रकलेत शिरला. त्या सहांतलेच रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले. आणि सौझांना तर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलेलं. आता जे. जे. ने काढून टाकलेला माणूस गटात असल्यावर तिथे सगळे एकमेकांना नुसते गुलाब देत बसले असतील असं मला वाटत नाही. १९४९ मध्ये प्रदर्शन झालं आणि पाठोपाठ सौझा लंडनला, रझा पॅरिसला. गट विस्कटला. आमचा गट कधीच विस्कटणार नाही. मतभेद व्हायला आधी मत लागतं.

आता दुसरं उद्दिष्ट. तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी बैल रंगवण्याची कार्यशाळा आणि सोबत प्रदर्शन, असं ठरलं. ठरवणाऱ्या बैठकीत तर्री-पोह्यांवर सविस्तर चर्चा झाली, चित्रांवर वेळेअभावी झाली नाही. मग निघाला फ्लेक्सचा मुद्दा. फ्लेक्सवर मार्गदर्शकांचे फोटो, आयोजकांचे फोटो, शुभेच्छुकांचे फोटो आणि उरलेल्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा एक बैल, तोही नेटवरून उतरवलेला. गटात पाटी रंगवणारा पेंटर बसलेला असताना!

सजावट कशी असते, त्याचा दाखला देतो. १९३६ साली फैजपूरला काँग्रेस भरली, खेड्यातलं पहिलं अधिवेशन. गांधीजी त्या वर्षी आमच्याच वर्धा जिल्ह्यात शेगावला राहायला आले होते, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. त्यांनी अधिवेशनाच्या सजावटीला शांतिनिकेतनातून नंदलाल बोस बोलावले आणि बोसांनी बांबू न् गावात मिळेल त्या साहित्यातून सगळं उभं केलं. सेवाग्रामात मीराबेननी मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं उठावात काढली, ती आजही लोक पाहतात. त्यांच्या खाली 'सौजन्य' असं कुठेही लिहिलेलं नाही. मी जाऊन खात्री करून आलो आहे.

आमच्या उद्घाटनाच्या पाहुण्यांचं तर विचारूच नका. आमचं गाव कंसासकट आहे, कारंजा (घाडगे). कंस गाळला की माणूस वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला निघतो. पाहुण्यांनी कंस गाळला. ऐन उद्घाटनाला त्यांचा फोन, 'नृसिंह सरस्वतींचं दर्शन झालं, आता सभागृह कुठे आहे?' मधे अख्खा अमरावती जिल्हा. आमचं संत्रं नागपूरच्या नावावर विकतं, ते आम्ही सोसलं. आता पाहुणेही दुसऱ्या कारंजाच्या खात्यात जमा. दीपप्रज्वलन शेवटी पोहेवाल्याच्या हस्ते झालं. त्याच्याकडे काडेपेटी होती.

त्या प्रदर्शनात एका सदस्याचं मोठं तैलचित्र होतं, 'आपला गवळाऊ'. गवळाऊ ही गुरांची जात म्हणजे आमच्या भागाचा अभिमान. आमच्या तालुक्यातल्या हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे. चित्रापुढे रांग लागली, खूप छानचा सडा पडला. तेवढ्यात एक म्हातारे बाबा आले. खांद्यावर दुपट्टा, हातात नातवाचा लाकडी बैल. कुणाला काही न बोलता ते चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. इतका वेळ कुणी थांबेल अशी व्यवस्था आम्ही केलेली नसल्याने मागची रांग तुंबली. मग ते म्हणाले, "हा तं खिल्लार होय. आपल्या गवळाऊले येवढाले शिंगं कुठी असते भाऊ? त्याचं तोंड पाहा, निमुळतं असते. अन् डोया बदामावानी." मग सावकाश वाकून खुराकडे बोट केलं. "खूर मात्र जमला बाप्पा. चिखलातून आलेला दिसते."

राजेहो, इतक्या वर्षांत आमच्या गटातल्या चित्राकडे कुणी खुरापर्यंत पाहिल्याचं हे पहिलंच प्रकरण! मला वाटलं, या बाबांना धरून ठेवावं, घरी न्यावं, संत्र्याच्या पेट्यांपुढे बसवावं. तोवर पदाधिकाऱ्यांनी त्यांना शाल-श्रीफळ देऊन फोटो काढला आणि सन्मानाने दारापर्यंत पोहोचवलं. इतिवृत्तात नोंद झाली, 'ज्येष्ठ पशुपालकांनी चित्राचे कौतुक केले.'

पुढच्या बैठकीत यावर गांभीर्याने विचार झाला. असे प्रकार टाळण्यासाठी यापुढे अभिप्राय वहीत मजकूर छापूनच द्यायचा असं ठरलं. वर 'खूप छान', खाली फक्त नाव, गाव आणि सही. 'गाव' या रकान्यात कंस घालण्याची सोय आहे, हे मुद्दाम सांगितलं गेलं. मी गटावर लेखी हरकत नोंदवली, चांगली सव्वा पानाची, मुद्देसूद. ती उघडली जाण्याआधीच खाली जोडलेले हात आले, आणि पाठोपाठ गुलाब.